रणात गेलेली पत, हातून निसटलेले न्यायासन

२८ जुलै १९६५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हाइट हाउसमधल्या एकाच पत्रकार परिषदेत दोन घोषणा केल्या. व्हिएतनाममधले अमेरिकन सैन्य ७५ हजारांवरून १ लाख २५ हजारांवर नेले जाईल, ही पहिली. आपले जुने स्नेही आणि नामांकित वकील एब फोर्टस यांना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमत आहोत, ही दुसरी. त्या दिवशी या दोन गोष्टी शेजारीशेजारी आल्या तरी त्यांचे नाते फारसे कोणाला जाणवले नसेल. नाते मात्र होते. फोर्टस यांना मिळालेली जागा आर्थर गोल्डबर्ग यांनी सोडलेली होती, आणि संयुक्त राष्ट्रसंघात राजदूत होऊन व्हिएतनाममध्ये समेट घडवून आणता येईल, या आशेवर जॉन्सन यांनी गोल्डबर्ग यांना न्यायासनावरून उठवले होते. गोल्डबर्ग यांच्या हातून समेट घडला नाही. फोर्टस न्यायालयात गेले आणि सैन्य वाढत राहिले. तीन वर्षांनी, १९६८ च्या उन्हाळ्यात, तेच युद्ध आणि तेच फोर्टस पुन्हा एकमेकांसमोर आले. या वेळी मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती.

१९६८ च्या निवडणुकीचा इतिहास सांगताना व्हिएतनाम, दंगली, हत्या, शिकागोतले अधिवेशन असे मुद्दे ओळीने मांडले जातात आणि सरन्यायाधीशपदाचा वाद तळटीपेत जातो. ही मांडणी मला अपुरी वाटते. त्या वर्षी युद्धाने अध्यक्षाची पत खाल्ली. पत गेलेल्या अध्यक्षाला सर्वोच्च न्यायालयातली जागा भरता आली नाही. न भरलेली ती जागा विरोधी उमेदवाराच्या प्रचाराला पोषक ठरली आणि निकालानंतर त्याच्याच हातात पडली. त्यामुळे युद्ध आणि न्यायालय हे दोन सुटे मुद्दे नव्हते, एकाच साखळीचे ते दोन दुवे होते. युद्ध मतदाराच्या मनावर झपाट्याने परिणाम करते आणि तो परिणाम तितक्याच झपाट्याने ओसरतो. न्यायाधीशाची नेमणूक मतदाराच्या नजरेत क्वचितच भरते, पण तिचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या उरतो. निवडणुकीचा हिशेब मांडताना या दोन वेगळ्या गती एकत्र पाहाव्या लागतात.

आपल्याकडच्या वाचकाने एक फरक ध्यानात ठेवायला हवा. भारतात सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्त होतो आणि राष्ट्रपती ही जनतेने थेट कौल देऊन निवडलेली व्यक्ती नसते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीश तहहयात पदावर राहू शकतात. त्यांची नावे अध्यक्ष सुचवतो आणि सिनेट मंजुरी देते. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची आणि फार तर आठ. त्याने बसवलेला न्यायाधीश पंचवीस-तीस वर्षेही तिथे असू शकतो. म्हणजे मतदार चार वर्षांसाठी मत देतो आणि त्या मताचा काही भाग त्याच्या नातवंडांच्या काळापर्यंत चालत राहतो. युद्धाच्या बाबतीतही मतदाराचा हात असाच दूर असतो. सैन्य कुठे पाठवायचे हे व्यवहारात अध्यक्ष ठरवतो, आणि मतदाराला बोलायची संधी मिळते तोवर सैन्य तिथे पोहोचलेले असते. या दोन्ही ठिकाणी मतदार केवळ विश्वास टाकू शकतो. १९६८ मध्ये तुटला तो हाच विश्वास.

तो तुटण्याची सुरुवात जानेवारीअखेर झाली. व्हिएतनामी नववर्षाच्या, तेत सणाच्या, दिवसांत कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनाममधल्या शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ला चढवला. सायगॉनमधल्या अमेरिकन दूतावासाच्या आवारातही ते घुसले. लष्करी दृष्टीने हा हल्ला परतवला गेला आणि हल्लेखोरांची हानी प्रचंड झाली. पण युद्ध संपत आले आहे असे सरकार महिनोन्‌महिने सांगत होते, आणि त्या सांगण्यावर आता कोणाचा भरवसा राहिला नाही. १२ मार्चला न्यू हॅम्पशरमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी सिनेटर युजीन मॅकार्थी यांनी पदावरच्या अध्यक्षाविरुद्ध ४२ टक्के मते घेतली. जॉन्सन यांना ४९ टक्के मिळाली. चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले की आपण पुन्हा उमेदवारी घेणार नाही. चारच वर्षांपूर्वी ६१ टक्के मतांनी निवडून आलेला हा माणूस होता. नागरी हक्कांचे मोठे कायदे आणि वृद्धांसाठीची मेडिकेअर आरोग्यविमा योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. एवढे भांडवल युद्धाने तीन वर्षांत संपवले.

त्या रात्रीपासून जॉन्सन मावळतीला लागलेले अध्यक्ष होते, आणि मावळत्या सत्तेचा शब्द सगळेच झेलतात असे नाही. याची परीक्षा लगेच जूनमध्ये झाली. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निवृत्तीचा मनोदय अध्यक्षांना कळवला. वॉरन सत्तरी ओलांडलेले होते. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ‘ब्राउन’ निकाल त्यांच्या न्यायालयाचा. पोलिसांनी आरोपीला त्याचे हक्क आधी सांगितलेच पाहिजेत, हा १९६६ चा ‘मिरांडा’ निकालही त्यांच्याच न्यायालयाचा. कॅलिफोर्नियाच्या राजकारणापासून रिपब्लिकन नेते रिचर्ड निक्सन यांच्याशी त्यांचे वैर होते, आणि आपला वारस निक्सन यांनी निवडू नये म्हणून त्यांनी ही वेळ साधली, असे तेव्हा सर्रास मानले गेले. २६ जूनला जॉन्सन यांनी सरन्यायाधीशपदासाठी फोर्टस यांचे नाव पुढे केले आणि फोर्टस यांच्या जागी टेक्सासचे आपले मित्र होमर थॉर्नबेरी यांचे. सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे भक्कम बहुमत होते. सिनेटचे राजकारण जॉन्सन यांच्याइतके जाणणारा दुसरा नेता त्या काळात नव्हता. तरीही १ ऑक्टोबरला, विरोधकांची लांबणीची भाषणे थांबवण्याचा ठराव मतास आला तेव्हा, बाजूने ४५ आणि विरुद्ध ४३ मते पडली. ठराव संमत व्हायला मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश, म्हणजे ५९ मते लागत होती. दुसऱ्याच दिवशी फोर्टस यांनी आपले नाव मागे घ्यायला सांगितले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि त्यात तथ्यही आहे. फोर्टस पडले ते आपल्याच वागण्याने, त्यात युद्धाचा संबंध काय? न्यायाधीश असतानाही ते जॉन्सन यांचे खासगी सल्लागार राहिले होते. अमेरिकन युनिव्हर्सिटीतल्या व्याख्यानांसाठी त्यांनी १५ हजार डॉलर घेतले, आणि ते पैसे त्यांच्या जुन्या भागीदाराने श्रीमंत अशिलांकडून गोळा केले होते, हे सप्टेंबरमध्ये उघडकीस आले. हे वागणे न्यायाधीशाला शोभणारे नव्हते, यात शंका नाही. पण घटनांचा क्रम पाहावा. मिशिगनचे रिपब्लिकन सिनेटर रॉबर्ट ग्रिफिन यांनी विरोधाचा झेंडा उभारला तो नाव जाहीर होण्याच्याही आधी, आणि कारण दिले ते असे की मावळत्या अध्यक्षाने ही नेमणूक करूच नये. उमेदवार कोण हे ठरण्यापूर्वी विरोध ठरला होता. शिवाय ज्या सल्लागारीबद्दल फोर्टस यांना जाब विचारला गेला, तिचा मोठा भाग व्हिएतनामचा होता. व्हाइट हाउसमधल्या युद्धविषयक बैठकांना न्यायाधीश असूनही आपण हजर राहिलो, हे त्यांना सिनेटच्या समितीसमोर कबूल करावे लागले. युद्ध त्यांच्या मागोमाग समितीच्या दालनात शिरले होते.

खरा पुरावा तुलनेत आहे. १९६५ मध्ये हेच फोर्टस, अध्यक्षांचे हेच मित्र, सिनेटमध्ये आवाजी मतदानाने मंजूर झाले होते. १९६७ च्या ऑगस्टमध्ये थरगुड मार्शल या पहिल्या कृष्णवर्णीय न्यायाधीशाची नेमणूक ६९ विरुद्ध ११ मतांनी पार पडली. दक्षिणेतल्या सिनेटरांना मार्शल फोर्टस यांच्यापेक्षा किती तरी अधिक खुपत होते, कारण ‘ब्राउन’ खटला लढवणारे वकील तेच होते. म्हणजे वॉरन न्यायालयावरचा राग आधीपासून होता, पण नेमणूक अडवायला पुरेल असे बळ त्याला नव्हते. १९६७ चा ऑगस्ट आणि १९६८ चा ऑक्टोबर यांच्यामध्ये सिनेटची रचना फारशी बदलली नाही. बदलली ती अध्यक्षाची पत. जॉर्जियाचे रिचर्ड रसेल हे याचे बोलके उदाहरण आहेत. ते जॉन्सन यांचे राजकीय गुरू म्हणावेत असे, आणि फोर्टस यांना पाठिंबा द्यायला आरंभी तयार होते. आपल्या राज्यातल्या एका जिल्हा न्यायाधीशाच्या नेमणुकीला अध्यक्षांनी विलंब लावला, एवढ्यावरून ते बिनसले आणि विरोधकांना मिळाले. या रुसव्याचा व्हिएतनामशी संबंध नाही, हे मान्य. पण सहा महिन्यांत पद सोडणाऱ्या माणसावरच असे रुसणे परवडते. पुढची चार वर्षे ज्याच्याकडून कामे करून घ्यायची आहेत, त्याच्यावर राग गिळावा लागतो.

मावळत्या अध्यक्षाने नेमणूक करू नये, हा ग्रिफिन यांचा दावा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. १८०० साली जॉन अ‍ॅडम्स यांच्यापुढेही असेच युद्ध होते. फ्रान्सशी समुद्रावर अघोषित लढाई चालू होती. अ‍ॅडम्स यांनी तहाची वाट धरली तेव्हा त्यांच्याच फेडरॅलिस्ट पक्षात उभी फूट पडली. ३० सप्टेंबर १८०० रोजी तह झाला, पण त्याचा लाभ त्यांना मतदानात मिळाला नाही आणि ते हरले. हरल्यानंतर, जानेवारी १८०१ मध्ये, त्यांनी जॉन मार्शल यांना सरन्यायाधीश केले. मार्शल १८३५ पर्यंत त्या पदावर होते, आणि कायदे घटनेशी ताडून पाहण्याचा न्यायालयाचा अधिकार त्यांच्याच निकालाने रुजला. तेव्हा मावळत्या अध्यक्षाची नेमणूक अवैध असती तर अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेचा पायाच अवैध ठरला असता. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. अ‍ॅडम्स यांच्या मागे या नेमणुकीपुरते तरी मावळत्या सिनेटमधले बहुमत उभे राहिले. जॉन्सन यांचे बहुमत कागदावर होते, सोबत नव्हते. घटनेचा अधिकार दोघांना सारखाच होता. अधिकार वापरायला लागणारी ताकद सारखी नव्हती.

आता दुसरा आक्षेप. सरन्यायाधीश कोण होणार याची सामान्य मतदाराला काय पर्वा? १९६८ मध्ये एप्रिलच्या आरंभी मार्टिन ल्यूथर किंग यांची आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, अनेक शहरे पेटली, ऑगस्टमध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांनी निदर्शकांना झोडपले. लोक घाबरलेले होते, संतापलेले होते, आणि मते त्या भीतीतून पडली. हे सगळे खरे आहे. पण भीतीला मतात उतरवायचे तर तिला एक पत्ता द्यावा लागतो. अमेरिकेत रस्त्यावरची पोलीस व्यवस्था शहरांच्या आणि राज्यांच्या हाती असते. चोऱ्या आणि दरोडे थांबवण्यासाठी अध्यक्षाला थेट करता येईल असे फार थोडे असते. संघराज्याच्या न्यायालयांसाठी नावे मात्र तोच सुचवतो. निक्सन यांनी हे अचूक हेरले. ८ ऑगस्टला मायामी बीचमध्ये रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी स्वीकारताना त्यांनी न्यायालयांच्या निकालांमुळे गुन्हेगारांविरुद्ध लढणारे दुबळे झाले, असा आरोप केला, आणि घटनेचा काटेकोर अर्थ लावणारे न्यायाधीश नेमू, हे त्यांचे प्रचारातले पालुपद झाले. त्यापूर्वी जुलैत फोर्टस यांच्या सुनावणीत साउथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड ‘मॅलरी’ या नावाने गरजले होते. १९५७ च्या त्या निकालाने एका बलात्काराच्या आरोपीची शिक्षा रद्द झाली होती. फोर्टस तेव्हा न्यायालयात नव्हतेच. पण थर्मंड यांना फोर्टस यांचा दोष सिद्ध करायचाच नव्हता. लोकांच्या भीतीला न्यायालयाचे दार दाखवायचे होते. सुनावणी प्रचाराचा मंच झाली, आणि हाच थर्मंड दक्षिणेत निक्सन यांचा सर्वांत भरवशाचा सहकारी होता.

मग युद्धाने प्रत्यक्ष मते किती हलवली? इथे उत्तर वाटते त्यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. पेज आणि ब्रॉडी या अभ्यासकांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की निक्सन आणि डेमोक्रॅटिक उमेदवार ह्युबर्ट हम्फ्री यांच्या व्हिएतनामविषयक भूमिकांत मतदारांना फारसा फरक दिसलाच नव्हता, त्यामुळे युद्धाबद्दलचे मत आणि या दोघांपैकी एकाची निवड यांचा संबंध अगदी क्षीण होता. निक्सन पॅरिसमध्ये चालू असलेल्या शांतता वाटाघाटींचे कारण सांगून तपशील टाळत होते. हम्फ्री उपाध्यक्ष असल्याने जॉन्सन यांच्या धोरणाला बांधलेले होते. शिकागोच्या अधिवेशनात शांततेचा ठराव पडला आणि पक्ष दुभंगला. अखेर ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीत, उपाध्यक्षपदाची मुद्रा नसलेल्या व्यासपीठावरून, हम्फ्री यांनी शांततेसाठी उत्तर व्हिएतनामवरची बाँबफेक थांबवण्याची तयारी दाखवली. दुसऱ्याच दिवशी सिनेटमध्ये फोर्टस हरले. जॉन्सन यांच्या सावलीतून उपाध्यक्षही बाहेर पडत होता आणि सिनेटही, एका दिवसाच्या अंतराने. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की त्या वर्षाची नस हाताला लागते.

या भाषणानंतर हम्फ्री झपाट्याने वर आले. सप्टेंबरअखेरच्या गॅलप पाहणीत ते सुमारे १५ टक्क्यांनी मागे होते. मतदानाच्या तोंडावर अंतर जवळपास मिटले. ३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी बाँबफेक थांबवल्याचे जाहीर केले. दोनच दिवसांनी दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्युयेन व्हान थिऊ यांनी पॅरिसच्या वाटाघाटींना जायचे नाकारले. निक्सन यांच्या बाजूने अ‍ॅना चेनॉल्ट यांच्यामार्फत सायगॉनपर्यंत थांबण्याचे निरोप जात होते, हे जॉन्सन यांना गुप्त माहितीतून कळले होते, पण ते त्यांनी जाहीर केले नाही. यावरून तिसरा आक्षेप निघतो: अखेरच्या आठवड्यात शांतता आली असती तर हम्फ्री जिंकले असते, तेव्हा निर्णायक ठरले ते युद्धच. ही शक्यता मी नाकारत नाही. ५ नोव्हेंबरला निक्सन यांना ४३.४ टक्के आणि हम्फ्री यांना ४२.७ टक्के मते मिळाली; फरक सुमारे पाच लाखांचा. इतक्या निसटत्या निकालात कोणतेही एक कारण निर्णायक ठरू शकते. पण नकाशाकडे पाहावे. वर्णभेद मिटवणाऱ्या न्यायालयाविरुद्धच उभे ठाकलेले तिसरे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी १३.५ टक्के मते आणि दक्षिणेतली पाच राज्ये घेतली. साउथ कॅरोलायना, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, टेनेसी आणि फ्लोरिडा निक्सन यांच्याकडे गेली. त्या पट्ट्यात हम्फ्री यांच्या वाट्याला एकटे टेक्सास आले. ऑक्टोबरमधली शांततेची झुळूक उत्तरेकडच्या राज्यांत मते हलवत होती. दक्षिणेत न्यायालयाविरुद्ध उभी राहिलेली भिंत तिने हलली नाही. युद्धाने ही लढत अटीतटीची केली. ती कोणत्या जमिनीवर लढली जाईल हे न्यायालयाच्या प्रश्नाने ठरवले.

निकालानंतरची गोष्ट हा माझ्या म्हणण्याचा खरा आधार आहे. २० जानेवारी १९६९ रोजी निक्सन यांना पदाची शपथ दिली ती अर्ल वॉरन यांनी, कारण त्यांचा वारस मंजूर झालाच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या एका आर्थिक प्रकरणामुळे फोर्टस यांनीही राजीनामा दिला. अशा रीतीने निक्सन यांना पहिल्याच वर्षी दोन जागा लाभल्या. वॉरन बर्गर सरन्यायाधीश झाले. दुसऱ्या जागेसाठी दक्षिणेतले हेन्सवर्थ आणि कार्सवेल हे दोघे सिनेटने लागोपाठ नाकारले, तेव्हा कुठे ब्लॅकमन यांची वर्णी लागली. पुढे पॉवेल आणि रेनक्विस्ट आले. शाळांना मिळणाऱ्या पैशातली विषमता घटनाबाह्य नाही, हा १९७३ चा निकाल आणि शहर व उपनगरांच्या शाळा एकत्र आणून वर्णभेद मिटवण्याला आळा घालणारा १९७४ चा निकाल, दोन्ही ५ विरुद्ध ४ असे लागले, आणि त्या पाचांत हे चौघेही होते. नेमलेला न्यायाधीश नेमणाऱ्याचा बांधील नसतो, हेही तितकेच खरे. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा निकाल ब्लॅकमन यांनी लिहिला. वॉटरगेट प्रकरणात ध्वनिफिती हवाली करा, हा २४ जुलै १९७४ चा एकमुखी निकाल बर्गर यांनी लिहिला, आणि पंधरवड्यात निक्सन यांना पद सोडावे लागले. ज्याने नेमले त्याच्यावरच निकाल उलटला, हे त्या व्यवस्थेचे मोठेपण. पण व्यक्ती कशीही वागली तरी न्यायालयाचा एकूण कल बदलला, आणि तो १९६८ च्या मताने बदलला.

व्हिएतनाम युद्ध ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले तेव्हा संपले. त्यात ५८ हजारांहून अधिक अमेरिकन आणि त्यांच्या कित्येक पट व्हिएतनामी माणसे गेली. त्या दुःखाची तुलना कोणत्याही नेमणुकीशी होऊ शकत नाही. परंतु मतपेटीतून निघालेल्या परिणामांचे आयुष्य मोजायचे तर युद्धाच्या पुढे जावे लागते. निक्सन यांनी नेमलेले रेनक्विस्ट १९८६ मध्ये सरन्यायाधीश झाले. २००० साली फ्लोरिडातल्या मतांची फेरमोजणी थांबवून अध्यक्षपदाची निवडणूक निकालात काढणारा ५ विरुद्ध ४ चा निर्णय झाला, तेव्हा बहुमताच्या बाजूला बसलेले सरन्यायाधीश तेच होते. १९६८ मध्ये मत देणाऱ्यांपैकी कित्येक जण तोवर हयातही नव्हते. रेनक्विस्ट २००५ मध्ये वारले तेही पदावर असताना. सायगॉन पडून तेव्हा तीस वर्षे झाली होती, आणि एका दूरच्या युद्धाने पत घालवलेल्या अध्यक्षाच्या हातून जे न्यायालय निसटले, ते त्याच्या पक्षाच्या हाती तोवर परत आलेले नव्हते.